दगड स्वस्त, वाट महाग

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकाला एक कागद हमखास जोडलेला असतो. त्याला क्वारी चार्ट म्हणतात. मधोमध रस्त्याची रेघ, रेघेवर किलोमीटरचे आकडे आणि आजूबाजूला खडीची खाण, मुरमाची खाण, वाळूचा साठा, सिमेंट-डांबर जिथून यायचे ती ठिकाणे. त्या प्रत्येक ठिकाणापासून कामापर्यंतचे अंतर त्यावर लिहिलेले असते. या अंतराला खात्याच्या इंजिनिअरपासून टिपरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे ‘लीड’ म्हणतात. माल उंचावर चढवायचा असेल तर त्या उंचीला ‘लिफ्ट’. दुर्गम भागातल्या कामात फायदा होणार की ठेकेदार बुडणार, हे या दोन आकड्यांवर जितके ठरते तितके दुसऱ्या कशावरही ठरत नाही.

हिशोब साधाच आहे. गावाकडचा पावणेचार मीटर रुंदीचा रस्ता घ्या. त्याखाली 30 सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर घालायचा म्हटले तर एका किलोमीटरला 1125 घनमीटर दबलेली खडी लागते. रोलर फिरण्याआधी सैल असताना हीच खडी चौदाशे-साडेचौदाशे घनमीटर भरते. खाणीवर माल मोजतात ब्रासमध्ये; 100 घनफूट म्हणजे एक ब्रास, पावणेतीन घनमीटरच्या थोडे वर. म्हणजे किलोमीटरला साधारण 500 ब्रास. दहा चाकी टिपर चार ब्रास घेतो, तेव्हा झाल्या सव्वाशे खेपा.

खाण 10 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन या खेपांचे अडीच हजार किलोमीटर होतात. खाण 80 किलोमीटरवर असेल तर वीस हजार. पृथ्वीच्या परिघाचे अर्धे अंतर तोडायचे, ते एका किलोमीटर गावरस्त्याच्या नुसत्या खडीसाठी! लांबच्या खाणीवरून एका टिपरच्या दिवसात दोन खेपा झाल्या तरी पुष्कळ. घाटवाट असली तर तेवढ्याही होत नाहीत. भरलेला टिपर लिटरला तीनेक किलोमीटर जातो असे धरले तर नव्वद रुपयांच्या डिझेलने एका ब्रासमागे बाराशे रुपये तेलातच जातात. महाराष्ट्रात शासन एका ब्रासवर घेते ते स्वामित्वधन 600 रुपये आहे. म्हणजे दगडाच्या मालकीपेक्षा त्याच्या प्रवासाचे तेल दुपटीने महाग पडते, आणि त्यात टायर, ड्रायव्हर, क्लीनर, गाडीचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

म्हणून दुर्गम भागात काम घेणारा जाणता ठेकेदार निविदा भरण्याआधी डोंगर चढतो तो खाण शोधायला. जवळ दगड आहे का? असला तर तो चालेल का?

दगड चालेल की नाही, हे महाराष्ट्रात पटकन कळेल असे वाटते, कारण इथे बहुतेक भागात काळा पाषाणच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार झाले. पण प्रत्येक थर तळापासून माथ्यापर्यंत सारखा नसतो. मधला भाग घट्ट, निळसर-काळा, घणाखाली खणखणणारा. माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पांढऱ्या-हिरवट खनिजांचे दाणे भरलेला. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा लाल मातकट पट्टा असतो, तो तर पाण्याने विरघळल्यासारखा सुटतो. खडीला घट्ट दगडच लागतो. सच्छिद्र दगडाची खडी रोलरखाली पिचते, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो. डोंगर सगळा काळाच दिसतो, पण कामाचा दगड त्यातल्या एखाद्या पट्ट्यातच असतो. तो पट्टा 40 फूट मातीखाली गेला असेल तर आधी ती माती काढायची, ती टाकायला जागा शोधायची आणि मग दगडाला हात लावायचा.

खाणीवरचे काम बाहेरून नुसता धुरळा नि आवाज वाटते. आत त्याला काटेकोर क्रम आहे. वरची माती आणि मुरूम पोकलेनने काढून पायऱ्या पाडतात. पायरीच्या काठाला समांतर, ठरावीक अंतरावर ड्रिलने भोके घेतात. भोकात तळाशी स्फोटके, वर कच ठासून तोंड बंद. हे ठासणे नीट झाले नाही तर सगळा जोर भोकातून वर निघून जातो, दगड जागचा हलत नाही आणि तुकडे मात्र शेजारच्या शिवारात जाऊन पडतात. भोके एकदम न उडवता काही हजारांश सेकंदांच्या अंतराने उडवतात, म्हणजे पुढची रांग सुटून मागच्या रांगेला सरकायला जागा होते. सुरुंग उडाल्यावर ढीग पाहून अनुभवी माणूस सांगतो, भोके लांब पडली की जवळ. मोठे धोंडे फार निघाले तर ते ब्रेकरने पुन्हा फोडावे लागतात आणि क्रशर तोवर रिकामा थांबतो. क्रशरच्या जबड्यातून निघालेला माल चाळण्यांवरून उतरतो आणि मोठी खडी, बारीक खडी, ग्रिट, कच असे ढीग वेगळे पडतात.

इथे एक गोष्ट हिशोबाला फार बोचते. डोंगरातला एक घनमीटर अखंड दगड फुटला की दीड घनमीटरच्या आसपास जागा घेतो. टिपरच्या हौद्यात दगडाबरोबर तुकड्यांमधली हवाही भाड्याने प्रवास करते. माल विकला जातो आकारमानावर, गाडीवर मर्यादा असते वजनाची आणि कामावर मोजणी होते दबलेल्या थराची. या तीन मापांच्या फटीत बांधकाम-पुरवठ्यातली बहुतेक भांडणे आणि बहुतेक लबाड्या राहतात. जवळच्या खाणीचा माल आणून कागदावर लांबची खाण दाखवणे हा त्यातला जुना प्रकार. लीड वाढले की दर वाढतो, म्हणून तो केला जातो. ज्या तालुक्यात पाहणीला अधिकारी वर्षातून एकदा येतो तिथे तो पकडला जाणे कठीण. दुर्गम भागाला रस्ता महाग पडतो हे खरेच आहे, पण त्या खऱ्या महागाईच्या आडोशाने खोटी महागाईही बिलात बसते, आणि तिची किंमत त्या भागाला न झालेल्या रस्त्यांच्या रूपाने मोजावी लागते.

यंत्रे नव्हती तेव्हा हे सगळे माणसे करत होती. महाराष्ट्रात त्यातले फार मोठे काम वडार समाजाने केले आहे. माती उकरणारे माती वडार, दगड फोडून घडवणारे वेगळे, आणि तो दगड बुटक्या, भक्कम चाकांच्या गाड्यांवरून वाहणारे गाडी वडार. खाणकाम, माल घडवणे आणि अवजड वाहतूक असे या धंद्याचे जे तीन भाग आज तीन कंपन्या करतात, ते एका समाजाच्या पोटशाखांनी वाटून घेतले होते. दगडाचा कल ओळखून पाचर कुठे मारायची, म्हणजे तो हव्या त्या रेषेत दुभंगेल, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाविना येत होते. ते कसब धरणांत, किल्ल्यांत, पुलांत, देवळांत आणि रेल्वेच्या मोऱ्यांत उभे आहे. फक्त त्यावर त्यांचे नाव कुठे कोरलेले नाही.

या देशात दुर्गम जागी मोठ्या ठेक्याने काम करण्याचा पहिला मोठा धडा मिळाला तो बोरघाटात. मुंबई-ठाणे रेल्वे 1853 मध्ये सुरू झाली, पण घाट चढल्याशिवाय पुण्याला आणि दख्खनच्या कापसाला मुंबई मिळणार नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी कर्जतकडून लोणावळ्यापर्यंत चढाची आखणी केली. सुमारे 25 किलोमीटर लांबी, साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ, 25 बोगदे, 8 मोठे कमानी पूल. सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट. ठेका मिळाला विल्यम फ्रेडरिक फेव्हिएल यांना. मुंबई-ठाणे मार्गाचे काम करणाऱ्या जोडीतले हे एक. 1856 च्या जानेवारीत काम सुरू झाले.

दगडाची इथे वाण नव्हती. उलट दगडच फार होता. घाटातून गाडीरस्ता 1830 पासून होता, पण रेल्वेची रेघ त्या रस्त्याला सोडून कड्यांच्या पोटातून जात होती. काही बोगद्यांच्या तोंडाशी उभे राहायलाही जागा नव्हती. माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडून पहिली भोके पाडून घ्यावी लागली. डायनामाइट अजून जन्माला यायचे होते. नोबेलने त्याचे पेटंट घेतले 1867 मध्ये. बोरघाटातला सगळा कातळ फुटला तो बंदुकीच्या दारूने आणि हाताच्या पहारींनी. एक जण पहार धरून दर ठोक्याला थोडी फिरवणार, दुसरा घण घालणार. मग भोकातला चुरा उपसायचा, दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचे. रूळ, लोखंडी सामान, इंजिने विलायतेहून येत आणि सुएझचा कालवा खुला व्हायला 1869 उजाडायचे होते. म्हणजे सगळे आफ्रिकेला वळसा घालून. वाटेत सामान हरवले वा मोडले तर बदली यायला कित्येक महिने.

या सगळ्यावर पावसाळा. जून ते सप्टेंबर घाटात उघड्यावरचे काम जवळजवळ थांबे. मग दसरा-दिवाळीनंतर हजारो माणसे पुन्हा जमवायची, त्यांना राहायला, प्यायला, खायला मिळेल असे पाहायचे. 1861 च्या सुमाराला घाटात 42 हजारांवर माणसे काम करत होती. तेव्हाच्या महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती, आणि तीही कड्याच्या उतारावर, विहिरीविना, संडासाविना. कॉलऱ्याच्या साथी आल्या आणि मोठ्या संख्येने माणसे गेली. खाण आणि अवजड वाहतूक यांचा विचार करताना आपण दगड-लोखंडाचे टन मोजतो. बोरघाटात सर्वांत अवघड पुरवठा होता तो चांगल्या पाण्याचा, आणि तोच नीट झाला नाही.

दुसरा पुरवठा कमी पडला तो पगाराचा. फेव्हिएल यांचे काम पोटठेकेदारांमार्फत, त्यांच्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळ्या. वरून सुटलेला पैसा खाली पोचेपर्यंत आटे आणि उशीर होई. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी फेव्हिएल यांनी ठेका सोडला. या असंतोषाच्या पाठोपाठ 1860 मध्ये अशा कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे झटपट निकालात काढण्याचा कायदा आला. पण तो करार मोडणाऱ्या मजुरालाही शिक्षा करणारा होता, हेही सांगितले पाहिजे.

ठेका गेला सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे. ते 1859 मध्ये मुंबईत उतरले आणि काही आठवड्यांतच वारले. बोरघाट निम्म्यावर, हजारो माणसे कामावर, आणि ठेकेदार थडग्यात. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांना ठेका परत करून मायदेशी जाता आले असते. त्यांनी तो स्वतःच्या नावावर पुढे चालवला, प्रत्यक्ष बांधकामासाठी ॲडम्सन आणि क्लाउझर या दोन अनुभवी माणसांना नेमले आणि घाट पुरा केला. 1863 च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. एकोणिसाव्या शतकात एका बाईने एवढे मोठे स्थापत्याचे काम तडीस नेले ही गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवी. ज्या घाटातून आपण रोज जातो तिथलीच ती आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की त्यांनी स्वतःला न येणारे काम येणाऱ्याच्या हाती दिले आणि जबाबदारी मात्र स्वतःकडे ठेवली. आधीच्या पोटठेक्यांच्या उतरंडीत नेमके उलटे होते. काम कुणाचेही असो, जबाबदारी कुणाचीच नव्हती.

पण बोरघाटाचा हिशोब 1863 मध्ये संपला नाही. 19 जुलै 1867 रोजी, भर पावसाळ्यात, माहूकी मळी नावाने ओळखला जाणारा घाटातला उंच कमानी पूल कोसळला. मार्ग खुला होऊन पुरी पाच वर्षेही झाली नव्हती. चौकशीचा रोख गेला दगडी बांधकामाच्या दर्जावर. दगडी खांबात दोष कसा राहतो ते समजून घेण्याजोगे आहे. बाहेरची भिंत घडीव दगडांची, सांधे रेखीव, पाहणाऱ्याला समाधान देणारी. आत मात्र डबर आणि चुना. भाजून, भिजवून, बैलांच्या घाण्यात पुरेसा मळलेला चुना भरपूर घातला आणि आत-बाहेर बांधून ठेवणारे लांब दगड जागोजागी बसवले, तर आतले डबर एकजीव होते. चुन्यात कसूर झाली, लांब दगड वाचवले, की खांब म्हणजे चार घडीव भिंतींत भरलेला सुटा दगड. वरून गाडी जाते, आत पाणी मुरते, गाभा बसतो आणि भिंती बाहेर फुगतात. चुना उंच कड्यावर चढवणे महाग, लांब दगड चढवणे त्याहून महाग. आणि गाभ्यात काय पडले हे वरचा थर बसल्यावर कुणालाच दिसत नाही. लीड आणि लिफ्ट जिथे जास्त तिथे काटकसर नेमकी अशा न दिसणाऱ्या जागी होते. आजच्या रस्त्यांत ती खडीच्या खालच्या थरात होते.

त्या खालच्या थरावरून दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दगड वाहणारी गाडीच दगडाच्या गावचा रस्ता खाते. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे खास रस्ते बांधून त्यांवरून सतत ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष जगभरचे रस्ते-अभियंते आजही वापरतात: आसावरचे ओझे वाढले की रस्त्याचे नुकसान साधारण चौथ्या घाताने वाढते. ओझे दुप्पट, तर नुकसान सोळापट. आसावर चाळीस टक्के जादा ओझे घेतलेला टिपर रस्त्याला जवळजवळ चार टिपरांएवढा पडतो. खाणीजवळच्या गावाचा रस्ता ट्रॅक्टर, एसटी आणि जीपगाडीच्या हिशोबाने बांधलेला असतो. त्यावरून दिवसाला दीड-दोनशे भरलेल्या खेपा गेल्या तर तो एका पावसाळ्यात उखडतो. मालाचा दर ठरवताना क्वारी चार्टमध्ये खाणीपासून कामापर्यंतचे अंतर मोजले जाते. वाटेतल्या गावाच्या मोडलेल्या रस्त्याला त्यात रकाना नाही. रॉयल्टीतून जिल्ह्याकडे निधी येतो, पण ज्या वाडीच्या दारावरून धूळ उडते तिथवर तो किती पोचतो हे त्या वाडीला जाऊन पाहावे.

कोकण रेल्वेने हाच प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला, म्हणून तिचा उल्लेख इथे करतो. 1990 मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली महामंडळ उभे राहिले आणि 1998 च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरकडे पूर्ण मार्ग सुरू झाला. सुमारे 740 किलोमीटर, 91 बोगदे. ब्रॉडगेज रुळांखाली किलोमीटरला दोन हजार घनमीटरांहून जास्त खडी लागते, आणि कोकणातला सहज हाती येणारा दगड म्हणजे जांभा. चिरे काढून घर बांधायला उत्तम, हवेत राहून कठीण होणारा, पण रुळांखाली घातला तर भुगा होणारा. तेव्हा खडीसाठी कठीण कातळ शोधून तिथून ती न्यावी लागते. घट्ट बेसॉल्टमधल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रे आणली गेली, तर पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाण्याने भरलेल्या मातीने काम वर्षानुवर्षे अडवले. इथे कातळापेक्षा माती कठीण ठरली. मार्ग झाल्यावर 1999 मध्ये कोकण रेल्वेने एक सोपी, पण मोठ्या उपयोगाची सोय सुरू केली. कोलाड आणि गोव्यातले वेर्णा यांच्यामध्ये भरलेले ट्रक थेट सपाट वाघिणींवर चढवून न्यायचे. घाट, वळणे, पावसातल्या दरडी या सगळ्यांवरून ट्रक ड्रायव्हरसकट बसून जातो, आणि महामार्गावरचे ओझे तेवढे कमी होते. ओझ्याची वाट बदलणे हा लीडवरचा सर्वांत शहाणा उपाय आहे, असे माझे मत आहे.

दर वेळी वाट बदलता येत नाही. काही ओझी अशी, की त्यांचे तुकडेच करता येत नाहीत. वीजकेंद्राचे रोहित्र, कारखान्याचे पात्र, पवनचक्कीचे पाते. वाहतूकवाले यांना ओडीसी म्हणतात, मापाबाहेरचा माल. यासाठी रांगेने आस जोडलेले ट्रेलर वापरतात. प्रत्येक आसाला हायड्रॉलिक आधार असतो. एखादे चाक खड्ड्यात गेले तरी तेलाचा दाब सगळीकडे सारखा राहतो आणि ओझे कुठल्याही एका चाकावर येत नाही. पुढे ओढणारा, चढावर मागून ढकलणारा, आणि सगळ्यांच्या आधी वाट पाहून आलेला माणूस. तो पुलांची ताकद विचारतो, वळणाची त्रिज्या टेपने मोजतो, विजेच्या तारांची उंची बांबूने तपासतो. 2019 च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातून एक 70 टनांचे ऑटोक्लेव्ह तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाले. 74 चाकांची गाडी, सोबत तीसेक माणसांचा ताफा. सतराशे किलोमीटर जायला त्यांना वर्ष लागले. मधे टाळेबंदीही आली. दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर. जागोजागी रस्ते दुरुस्त करून, तारा वर उचलून, झाडाच्या फांद्या तोडून गाडी पुढे सरके. ताफ्यातली माणसे रस्त्याच्या कडेलाच जेवत, झोपत. अशा कामात वेगाला काही किंमत नाही. एक पूल वाकला तर सगळेच जाते.

आता चिनाबकडे. जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात चिनाब नदीवर जो रेल्वेपूल 6 जून 2025 रोजी देशाला अर्पण झाला, त्याचे काम पाहिले ते कोकण रेल्वे महामंडळानेच. कोकणातल्या दऱ्याखोऱ्यांत तयार झालेली फळी हिमालयात गेली. नदीपात्रापासून 359 मीटर उंची, 1315 मीटर लांबी, पोलादी कमानीचा मुख्य गाळा 467 मीटर. पोलाद 28 हजार टनांहून अधिक. पुलाची उंची सगळ्यांनी छापली. पण या पुलाचे खरे अवघड प्रश्न उंचीच्या आधीचे होते: हे पोलाद तिथे न्यायचे कसे?

काम निघाले तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर, बक्कल आणि कौरी या गावांच्या बाजूला, मोठी गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. पाहणीची माणसे आणि सुरुवातीचे सामान घोड्या-खेचरांवरून गेले. म्हणून पुलाआधी रस्ता. हा पूल ज्याचा भाग आहे त्या उधमपूर-बारामुल्ला रेल्वे प्रकल्पात 200 किलोमीटरहून अधिक पोचरस्ते बांधले गेले, त्यांत एक बोगदा आणि 320 लहान-मोठे पूल. म्हणजे एक रेल्वे बांधण्यासाठी आधी एक डोंगरी रस्त्यांचे जाळे, आणि त्या जाळ्यासाठी पुन्हा खडी, मुरूम, सिमेंट. तेही खेचरांच्या वाटेच्या टोकापासून सुरू करायचे. हिमालयातला तो भाग ठिसूळ, तडे गेलेल्या खडकाचा. रस्त्यासाठी उतार कापला की वरचा उतार खाली येतो, म्हणून आधी लोखंडी खिळे ठोकून आणि काँक्रीट फवारून तो बांधायचा आणि मगच पुढे सरकायचे.

रस्ते झाल्यावरही ते वळणांचे. साधारण 12 मीटरपेक्षा लांब वस्तू त्या वळणांवरून वर जात नव्हती. कमानीचे भाग त्याहून फार मोठे. यावरचा उपाय असा काढला, की तयार भाग वर न्यायचेच नाहीत. पोलादाच्या पाट्या वर न्यायच्या आणि कापणे, वेल्डिंग करणे, रंगवणे हे सगळे पुलाच्या जागीच कार्यशाळा उभारून करायचे. कारखाना डोंगरावर नेला. वेल्डिंगला हवामान सांभाळावे लागते, तपासणीला प्रयोगशाळा लागते, कामगाराला वर्षभर तिथे राहावे लागते. हे सगळे महाग आहे, तरी मोठे भाग वर चढवण्यापेक्षा स्वस्त. शिवाय खाली दरीत क्रेन उभी करायला जागा नसल्याने दोन्ही तीरांवरच्या मनोऱ्यांमध्ये तार ताणून तिच्यावरून भाग वाहणारी केबल क्रेन लावली. तिचा गाळा 900 मीटरहून अधिक. दोन्ही तीरांवरून कमान पुढे पुढे सरकवत एप्रिल 2021 मध्ये मधले टोक जुळवले.

ठेक्यांच्या कागदांतून एक प्रथा दिसते. पोचरस्ता हा बहुतेक निविदांत ठेकेदाराने आपल्या खर्चाने करायचा तात्पुरता भाग मानला जातो. मुख्य कामाच्या दरात तो गृहीत धरलेला असतो, म्हणून तो शक्य तितका स्वस्त होतो: उतार बांधत नाहीत, गटार काढत नाहीत, कापलेली माती सरळ खालच्या ओढ्यात लोटतात. काम संपले की पहिल्या दोन पावसाळ्यांत तो वाहून जातो आणि ओढा मातीने भरतो तो मात्र तसाच राहतो. उधमपूर-बारामुल्ला प्रकल्पात पोचरस्ते हे आधीच करायचे आणि टिकवायचे काम म्हणून धरले गेले, आणि त्यामुळे सत्तरच्या आसपास गावे रस्त्याला जोडली गेली. त्यांतल्या काही गावांना पूर्वी पायवाट किंवा होडी एवढाच मार्ग होता. गडचिरोलीच्या भामरागडपासून सातपुड्यातल्या धडगावपर्यंत आपल्याकडेही पूल, जलवाहिन्या, विजेचे मनोरे उभे राहतात, आणि त्या प्रत्येकासाठी पोचरस्ता हा निघतोच. तो अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून, उताराच्या संरक्षणासह, गटार-मोऱ्यांसह आणि राडारोडा टाकण्याच्या ठरलेल्या जागेसह धरला, तर कामाचा एकूण खर्च थोडा वाढेल आणि पुढच्या कामाचा लीडचा खर्च तेवढा कमी होईल.